पेशी मेली की झाड वाचलं?

वनस्पतींच्या रोगप्रतिकारावर काहीही वाचा, हात्सुगाई आणि सहकाऱ्यांचा २००४ चा ‘सायन्स’मधला पेपर भेटतोच. पेपर भक्कम आहे. प्रतिकारक्षम तंबाखूत मोझॅक विषाणू शिरला की तिथल्या पेशी मरतात आणि विषाणू कोंडला जातो. हे मारण्याचं काम रिक्तिकेतलं व्हीपीई करतं. ते प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. ते दाबलं की रिक्तिका फुटत नाही, पेशीही मरत नाहीत.

माझी तक्रार पेपरबद्दल नाही, त्यावरून जे लिहिलं जातं त्याबद्दल आहे.

एक, व्हीपीईला सरसकट ‘वनस्पतींचं कॅस्पेज’ म्हणतात. काम मिळतंजुळतं असलं, तरी रचनेनं ते त्या घराण्यातलं नाही.

दोन, ‘पेशी मेली की झाड वाचलं’ हे सूत्र. विषाणूला जिवंत पेशी लागते, म्हणून तिथं ते चालतं. आमच्या बुलढाण्यात रब्बीला हरभरा असतो. त्याला कोरडी मूळकुज करणारी मॅक्रोफोमिना बुरशी मेलेल्या पेशींवरच पोसते. तिच्यापुढे पेशी मारणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! अमेरिकेत १९४० च्या दशकात तांबेरा रोखणारे व्हिक्टोरिया वंशाचे ओट असेच एका वेगळ्या बुरशीला बळी पडले.

तीन, ‘पेशीची आत्महत्या’ हा शब्द. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधान पॅकेज मिळालेल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. इथं तो शब्द सहज वापरवत नाही. ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणा की! आणि त्याचं कौतुक करण्याआधी रोग कोणता, ते विचारा.