माफीची अट

कर्जमाफी आणि कर्जमुक्ती या दोन शब्दांतला वाद आमच्या केळापूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळातच ‘माफी’ हा शब्द नाकारला होता. माफी गुन्हेगाराला असते. शेतकऱ्याने कोणता गुन्हा केला, असा तो युक्तिवाद. २०१९ च्या अखेरीस आलेल्या सरकारी योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ बसली. बँकेच्या दारात उभा असलेला कापूसवाला मात्र आजही “माफी आली का?” असेच विचारतो, आणि असे विचारताना तो कसलाही गुन्हा कबूल करत नसतो.

घोटाळा शब्दातच आहे. आपण चूक कबूल करून माफी मागतो आणि राज्यपाल कैद्याला देतात तीही माफीच. पहिलीत कबुली मुळातच असते. दुसरीत ती असतेच असे नाही. पण शब्द एकच असल्यामुळे पहिलीचा डाग दुसरीला लागतो. ‘माफी घेतली म्हणजे गुन्हा केलाच असणार’ हे वाक्य आपल्याकडे चर्चेत इतक्या सहज फेकले जाते, की ते तपासून पाहावे असे मला बरीच वर्षे वाटत होते. तपासण्यासाठी मी निवडलेले प्रकरण मात्र कर्जाचे नाही, मतदान यंत्राचे आहे.

२०१० च्या एप्रिलमध्ये हैदराबादचे अभियंते हरि प्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जे. अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खॉन्ग्राइप यांनी भारतीय मतदान यंत्राच्या सुरक्षिततेचा अभ्यास जाहीर केला. आधीचे आक्षेप बहुतेक तर्काचे होते. यांच्या हातात खरे यंत्र होते. आकडे दाखवणारी पट्टी बदलून तिच्या जागी दिसायला तशीच, पण मोबाइलवरून हुकूम घेणारी पट्टी बसवता येते, हे त्यांनी दाखवले. दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो: चिमट्यासारखे एक छोटे उपकरण यंत्रातल्या स्मृतीच्या चकतीवर लावायचे आणि मतदान ते मतमोजणी या दरम्यान साठवलेली मते बदलायची. दोन्हींसाठी यंत्र काही काळ हातात मिळायला हवे. आयोगाचे उत्तर तेवढ्यावरच उभे होते: यंत्रे कडेकोट पहाऱ्यात असतात, ती हातात मिळणार कशी?

पण एक तर मिळाले होते. ते मुंबईतल्या सरकारी साठ्यातले होते. अभ्यासाचा सगळ्यात ठोस निष्कर्ष, माझ्या मते, प्रयोगशाळेत निघालाच नाही; तो गोदामाच्या दारातच निघाला होता. पोलिसी चौकशीचा रोख मात्र दाराकडे नव्हता, ते यंत्र आणून देणाऱ्या अनामिकाकडे होता. २१ ऑगस्ट २०१० रोजी हरि प्रसाद यांना हैदराबादेतून अटक करून मुंबईला नेण्यात आले. वाटेत त्यांचे हाल्डरमन यांच्याशी फोनवर बोलणे झाले. हाल्डरमन यांनी तेव्हाच प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार, वरून दबाव आहे, यंत्र देणाऱ्याचे नाव सांगितले तर तुम्हाला सोडून देऊ, असे पोलिसांनी त्यांना सांगितले होते. नाव मिळाले नाही. आठवडाभराने जामीन झाला.

हा देकार कायद्याच्या भाषेत माफी नव्हे. त्यावर कोणाची सही नव्हती, कोणते कलम नव्हते. पण त्याची घडण माफीचीच आहे: तू गुन्ह्यात आहेस असे आम्ही धरून चालतो, दुसऱ्याचे नाव दे, आम्ही तुझ्यापुरते विसरतो. हो म्हटले असते तर दोन गोष्टी एकदम मान्य झाल्या असत्या. एक, संशोधनासाठी यंत्र हाताळणे ही चोरीतली भागीदारी आहे. दोन, या प्रकरणात शोधायचा आहे तो माणूस, भोक नव्हे.

माफी आणि कबुली यांची गाठ ज्या वाक्याने घातली, तेही अशाच प्रसंगातून आलेले आहे, हे वाचले तेव्हा मी थबकलो. जॉर्ज बर्डिक हे न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे शहर संपादक. सीमाशुल्कातील लबाड्यांवरच्या बातम्या कोणी पुरवल्या, हे त्यांनी साक्षीत सांगितले नाही. सांगितल्यास मीच अडकेन, हे कारण दिले. मग १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यांना न मागताच माफी पाठवली. आता अडकण्याची भीती नाही, तर बोला! बर्डिकनी माफी परत केली. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा नकार ग्राह्य धरला आणि ओघात म्हटले, की माफीत दोषाचा आरोप असतो आणि तिच्या स्वीकारात त्याची कबुली.

हे वाक्य नाकारणाऱ्याच्या बचावासाठी लिहिले गेले. माफी सक्तीने गळ्यात मारता येणार नाही, कारण ती घेणाऱ्याला डाग लागू शकतो, एवढाच त्याचा मुद्दा. पुढच्या शंभर वर्षांत ते उलटे फिरवून स्वीकारणाऱ्याच्या कपाळावर चिकटवले गेले. २०२१ मध्ये तिथल्याच एका अपील न्यायालयाने, लोरन्स या माजी लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणात, माफी स्वीकारणे ही कायदेशीर कबुली नव्हे असे स्पष्ट केले. पण चर्चेत जुने वाक्यच चालते. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कोलोरॅडोतील माजी निवडणूक अधिकारी टीना पीटर्स यांना माफी जाहीर केली, तेव्हाही ते बाहेर निघाले. पीटर्स यांना मतदान यंत्रणेपर्यंत अनधिकृत माणूस पोचवल्याच्या प्रकरणात नऊ वर्षांची शिक्षा झाली होती. ती राज्याच्या कायद्याखाली असल्याने राष्ट्राध्यक्षांचा अधिकार तिथे पोचतच नाही. जी माफी लागूच होत नाही तिच्यातून कबुली काढायचा खटाटोप कशाला?

आपल्याकडचा कायदा या बाबतीत मला अधिक शहाणा वाटतो, निदान कागदावर. १९८८ मध्ये केहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दयेचा अर्ज पाहताना राष्ट्रपती पुरावाही तपासू शकतात आणि दोषाबद्दल न्यायालयापेक्षा वेगळ्या मताला येऊ शकतात. न्यायालयाचा निकाल मात्र कागदावर तसाच राहतो. म्हणजे ‘हा माणूस निर्दोष असावा’ हेच माफीचे कारण असू शकते. मग ती घेणे ही कबुली कशी ठरेल? नानावटींनी गोळ्या झटापटीत सुटल्या असे न्यायालयात सांगितले होते. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली, ती काही त्यांनी दोष कबूल केला म्हणून नव्हे.

कबुली जिथे खरोखर लागते ती जागा वेगळी आहे: माफीचा साक्षीदार. पूर्वीचे कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ३४३. अट अशी, की गुन्ह्याबद्दल आणि त्यातल्या प्रत्येक सहभागी माणसाबद्दल जे ठाऊक आहे ते सगळे खरे सांगायचे. गांधीहत्येच्या खटल्यातल्या दिगंबर बडगेंची साक्ष न्यायाधीशांना विश्वासार्ह वाटली. तरी सावरकरांच्या बाबतीत तिला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून ते सुटले. सौद्यातून आलेल्या साक्षीकडे कायदा स्वतःच तिरक्या नजरेने पाहतो. मुंबईच्या वाटेवरच्या त्या गाडीत मांडलेला सौदा याच जातीचा होता, फक्त दंडाधिकाऱ्याविना.

उलट उदाहरण टिपेश्वरच्या शेजारी राहणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम ६८: ज्याच्यावर वाजवी संशय आहे त्याच्याकडून रक्कम घेऊन, काही अपवाद वगळता, वनगुन्ह्याचे प्रकरण मिटवता येते. कलमाचा शब्द ‘संशय’ आहे, ‘दोष’ नाही. पण लाकडाची मोळी आणणाऱ्या ज्या कोलामाने दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून पैसे भरले, त्याला पुढच्या वेळी ‘हा जुनाच आहे’ असे ऐकावे लागते. कायद्याने न घेतलेली कबुली बोलण्यातून घेतली जाते.

हरि प्रसाद यांचेही तेच झाले, तेही काही न स्वीकारता. एप्रिल २०१९ मध्ये तेलुगू देसमने त्यांना तांत्रिक जाणकार म्हणून पुढे केले, तेव्हा निवडणूक आयोगाने २०१० च्या गुन्ह्याचा हवाला देऊन दुसरा माणूस पाठवा असे कळवले. दोषसिद्धीची कोणी वाट पाहिली नाही. माफी घेतल्याने डाग लागतो म्हणावे, तर न घेतलेल्यालाही तो लागलेलाच होता.

दरम्यान यंत्राला कागदी चिठ्ठीची जोड मिळाली आणि शंका घेण्याचा रस्ता मतदारापर्यंत आला. सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर भलतेच चिन्ह आले, तर निवडणूक नियम ४९ एमए प्रमाणे तक्रार करता येते. पण आधी लेखी घोषणापत्र. ते खोटे ठरले तर, जुन्या दंड संहितेच्या कलम १७७ प्रमाणे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरेखोटे ठरवायचे कसे? साऱ्यांसमोर एक चाचणी मत टाकून. पहिल्या वेळी चुकलेले यंत्र दुसऱ्या वेळी बरोबर वागले, की खोटारडा मतदार. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची मुभा दिली. खर्च त्याने भरायचा, फेरफार सापडला तर परत. उमेदवाराच्या शंकेला शुल्क आहे. मतदाराच्या शंकेला तुरुंग.

२०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत यंत्रे बंद पडली, ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले, आणि तेव्हा उन्हाचे कारण पुढे आले. विदर्भातल्या मे महिन्यात ऊन असते, हे निदान मतदाराने घोषणापत्रावर लिहून द्यावे लागले नाही.