मुष्टियोद्ध्यांचे काल्पनिक सामने

वामनपंडित थोर कीं मोरोपंत, या वादांत आमच्याकडील रसिकांनीं कित्येक रात्री घालविल्या. अमेरिकेंतील मुष्टियुद्धाचे शौकीन तोच उद्योग मध्यम वजनाच्या गटांतील गतविजेत्यांविषयीं करीत आले आहेत. हा गट १६० पौंडांचा. येथें ठोशांत पुरेसें बळ असतें आणि पाय अद्याप जड झालेले नसतात. म्हणूनच कीं काय, कल्पनेला येथें विशेष वाव मिळतो. स्टॅन्ले केचेल १९१० सालीं मारला गेला, हॅरी ग्रेब १९२६ सालीं वारला; तरी रॉबिन्सन, मॉन्झोन, हॅगलर यांच्याशीं त्यांचे सामने शौकिनांच्या मनांत अजून चालूच आहेत. या वादाला पोरखेळ म्हणून हिणविण्याचा आमचा विचार नाहीं. आमची तक्रार इतकीच कीं, वाद घालणारे एक नांव सांगून मोकळे होतात. आणि नुसतें नांव हें या प्रश्नाचें उत्तरच होऊं शकत नाहीं.

काव्याची गोष्ट निराळी. दोन कवींच्या पोथ्या शेजारीं ठेवून वाचतां येतात. मुष्टियोद्ध्याचें कौशल्य मात्र समोर दुसरा माणूस उभा राहिल्याखेरीज प्रकटच होत नाहीं, आणि तें दर रात्रीं एकच असतें असेंहि नाहीं. शुगर रे रॉबिन्सन आणि जेक लामोटा हे १९४२ ते १९५१ या काळांत सहा वेळां लढले. ५ फेब्रुवारी १९४३ रोजीं डेट्रॉइट येथें लामोटानें रॉबिन्सनला व्यावसायिक आयुष्यांतील पहिला पराभव दाखविला. त्याच महिन्याच्या २६ तारखेस, त्याच शहरांत, रॉबिन्सननें त्याचें उट्टें काढलें. पुढें १९५१ च्या जुलै महिन्यांत लंडनला रँडॉल्फ टर्पिननें रॉबिन्सनला हरविलें, तर सप्टेंबरांत न्यूयॉर्कला रॉबिन्सननें दहाव्या फेरींत टर्पिनचा निकाल लावला. हे सामने झालेच नसते, तर आमच्या पंडितांनीं छातीठोकपणें एकेक नांव सांगितलें असतें. वस्तुस्थितीनें मात्र दोन्ही उत्तरें दिलीं. (१९६९ सालीं अली आणि निवृत्त मार्सियानो यांचा काल्पनिक सामना यंत्रगणकाच्या साहाय्यानें ठरवून चित्रपटांत उतरविला गेला, तेव्हां त्याचेहि शेवट एकाहून अधिक घेऊन ठेविले होते!)

नियमांचाहि विचार हवा. किताबाचे सामने पूर्वीं पंधरा फेऱ्यांचे असत. १९८२ सालीं किम डुक-कू या कोरियन योद्ध्याचा सामन्यांतील इजेनें मृत्यु झाला, आणि त्यानंतर ते हळूहळू बारांवर आले. शेवटच्या तीन फेऱ्या म्हणजे दमछाक झालेल्या माणसाची खरी परीक्षा. ती काढून टाकल्यावर तोच माणूस वेगळा ठरतो.

आतां ज्या सामन्याची चर्चा सर्वांत अधिक होते, त्याविषयीं आमचें मत सांगूं. रॉबिन्सन आणि मार्व्हिन हॅगलर. पंधरा फेऱ्या असतील तर आम्ही हॅगलरच्या बाजूला. रॉबिन्सनची निष्कलंक कीर्ति मुख्यतः वेल्टरवेट गटांतील, म्हणजे १४७ पौंडांची आहे. मध्यम वजनाचा किताब त्यानें पांच वेळां जिंकला असें अभिमानानें सांगतात. टर्पिन, फुलमर व बॅसिलिओ यांनीं तो त्याच्याकडून हिसकावून घेतला होता, हें सांगत नाहींत. अर्थात् तो या किताबापर्यंत पोंचला तेव्हां तिशीला टेकला होता, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. अंगावर चालून येणारा चिवट माणूस त्याला जड जाई, आणि हॅगलर नेमका तसाच. शिवाय डाव्या-उजव्या दोन्ही पवित्र्यांतून लढणारा. १९८५ सालीं हर्न्सशीं लढतांना कपाळ फुटून रक्त वाहत होतें, तरी तिसऱ्या फेरींत त्यानें सामना संपविला. त्याला बाद करणें कोणासहि साधलें नाहीं.

परंतु फेऱ्या बारा असतील तर आमचें मत बदलतें. ६ एप्रिल १९८७ रोजीं लेनर्डनें बारा फेऱ्यांत हॅगलरला पायांच्या चपळाईनें चकविलें; तोहि निकाल पंचांच्या एकमतानें लागला नाहीं. रॉबिन्सनजवळ ती चपळाई होती आणि ठोसा कितीतरी जबर होता. १ मे १९५७ रोजीं मागें सरकतां सरकतां त्यानें डाव्या हाताच्या एका हूकनें फुलमरला आडवा केला. चालून येणाऱ्या माणसालाच त्यानें असा गारद केला, हें आमच्या पहिल्या मताला पडलेलें मोठें भोंक आहे. तें आम्हांला बुजवितां येत नाहीं.

राहिला ग्रेब. त्याच्या एकाहि खऱ्या सामन्याची चित्रफीत उपलब्ध नाहीं. सरावाचीं थोडीं दृश्यें आहेत तेवढींच. त्यामुळें भक्त त्याला हवें तेवढें मोठें करतात, आणि जें डोळ्यांना दिसत नाहीं तें नव्हतेंच असें मानणारे त्याला यादींतून वगळतात. आम्हांला दुसरा अन्याय अधिक मोठा वाटतो. चित्रफीत नसली तरी प्रतिस्पर्धी साक्षीला आहेत. पुढें डेम्प्सीला दोनदां हरविणाऱ्या जीन टनीचा आयुष्यांतील एकमेव पराभव १९२२ सालीं ग्रेबनेंच केला, आणि टनी वजनानें त्याहून भारी होता. १९२५ सालीं त्यानें मिकी वॉकरला पंधरा फेऱ्यांत नमविलें, तें एका डोळ्याची दृष्टि गेलेली असतांना. अशा माणसासमोर रॉबिन्सनला उभें करावयाचें तर आम्ही आधीं पंच कोण, हें विचारूं. ग्रेब धरून मारी, डोकें घुसवी, अंगठा डोळ्यांत घालण्यासहि कचरत नसे. पंच १९२५ सालचा असेल तर आम्ही ग्रेबच्या बाजूला. आजचा असेल तर ग्रेबचे गुण कापले जातील, आणि कदाचित् आठव्या फेरीच्या आंतच त्याला बाहेर काढलें जाईल.