बाटलीवरचा देश

१९६४ साली अॅलिसन आणि उल या दोन अमेरिकी संशोधकांनी लेबले काढलेल्या बिअरच्या बाटल्या नेहमीच्या पिणाऱ्यांना दिल्या. चवीवरून एक बिअर दुसरीपासून वेगळी काढणे त्यांना जमेना. लेबले लावून बाटल्या दिल्यावर मात्र त्यांनी दिलेले गुण वाढले आणि आपापली बिअर उजवी ठरली. बिअरच्या जाहिरातीची सगळी कला या लेबलाच्या जोरावर उभी आहे. चवीबद्दल सांगण्यासारखे फारसे नसते, म्हणून ती मैत्री विकते, घर विकते आणि शेवटी देश विकते. यातले थोडे काम अस्सल आहे, बरेचसे उसनवारीचे.

अस्सल म्हणावी अशी पहिली जाहिरात बडवायझरची. ३ फेब्रुवारी २००२ रोजी, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, ती अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, सुपर बोलच्या प्रक्षेपणात दाखवली गेली. क्लाइड्सडेल जातीचे धिप्पाड घोडे कंपनीची लाल गाडी ओढत निघतात. बर्फाळ माळरान, छोटे गाव, मग पूल. समोर मॅनहॅटन दिसू लागते आणि घोडे थांबतात. पुढचा पाय दुमडून ते मान खाली घालतात. कुणी बोलत नाही, कुणी बिअर पीत नाही. घोड्यांनी कुणापुढे मान झुकवली हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, यावर दिग्दर्शकाने पूर्ण भरवसा ठेवला आहे. २०११ मध्ये, हल्ल्याला दहा वर्षे झाली तेव्हा, ती थोडा बदल करून पुन्हा दाखवली गेली.

या प्रसंगाला वजन येते ते इतिहासामुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतले जर्मन वंशाचे बिअरवाले देशद्रोहाच्या संशयाखाली आले. बडवायझर काढणाऱ्या अॅडॉल्फस बुश यांची वृद्ध पत्नी १९१८ मध्ये जर्मनीहून परतली, तेव्हा तिची अंगझडती घेतली गेली. पाठोपाठ दारूबंदी आली. एप्रिल १९३३ मध्ये बिअर पुन्हा कायदेशीर झाली, तेव्हा कंपनीने याच घोड्यांची गाडी न्यूयॉर्कला पाठवून दारूबंदीचे कडवे विरोधक, माजी गव्हर्नर अल स्मिथ यांना बिअर भेट दिली होती. आम्ही इथलेच आहोत, हे सिद्ध करण्याची निकड या घराण्याला खरोखरच होती.

कॅनडातल्या मॉल्सन कंपनीची २००० सालची जाहिरातही अशीच एका खऱ्या सलातून आली. साध्या शर्टातला एक तरुण मंचावर येतो आणि सुरुवातीला जरा बिचकतच बोलू लागतो. आपण लाकूडतोडे नाही, बर्फाच्या घरात राहत नाही, आपल्याकडे पंतप्रधान असतो, राष्ट्राध्यक्ष नव्हे. आवाज चढत जातो, मागच्या पडद्यावर चित्रे बदलत राहतात. थोरल्या शेजाऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या देशाची चिडचिड त्या मिनिटभरात मावली आहे. पाचच वर्षांत मॉल्सन अमेरिकेच्या कूर्स कंपनीत विलीन झाली.

बडवायझरचेही तेच झाले. २००८ मध्ये बेल्जियन-ब्राझिलियन इनबेव्ह कंपनीने ती सुमारे ५,२०० कोटी डॉलरना विकत घेतली. मुख्यालय बेल्जियममधल्या लूव्हेनला. त्यानंतर देशभक्तीचा आवाज आणखी चढला. २०१६ च्या उन्हाळ्यात तर डब्यावरचे ब्रँडचे नावच काढून तिथे 'अमेरिका' छापले गेले, ते नोव्हेंबरमधल्या निवडणुकीपर्यंत. इथे कला संपली. २००२ मध्ये प्रेक्षकाच्या मनावर जे सोडले होते, ते इथे ठळक अक्षरांत त्याच्या हातात कोंबले आहे.

२०१७ ची जाहिरात मला अधिक गुंतवते. तरुण बुश वादळातून अमेरिकेला येतो, लोक त्याला परत जा म्हणतात, बोटीला आग लागते, चिखल तुडवत तो सेंट लुईस गाठतो. ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या आदेशानंतर काही दिवसांतच ती दाखवली गेली आणि बहिष्काराच्या हाका उठल्या. चित्रण देखणे आहे. पण खरा बुश एका सधन कुटुंबातला होता, आणि सेंट लुईसमध्ये त्याने बिअरच्या कारखान्याचे मालक अन्हायझर यांच्या मुलीशी लग्न केले. स्थलांतरिताची बाजू घेण्याचे धाडस खरे. त्याचे हाल मात्र बरेचसे रचलेले.

घोडा आणि कुत्र्याच्या पिल्लाच्या बडवायझरच्याच २०१४ व २०१५ च्या जाहिराती दिग्दर्शक जेक स्कॉट यांनी हळुवारपणे चित्रित केल्या आणि त्या प्रचंड लोकप्रिय झाल्या. त्यातले पिल्लू मात्र साबण किंवा विमा विकायलाही तितकेच चालले असते.

आपल्याकडे हा प्रकार वेगळ्या वाटेने आला. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांनुसार दारूच्या जाहिरातींना मनाई आहे, म्हणून क्रिकेटच्या सामन्यांत त्याच नावांचे पाणी आणि सोडा झळकतात. खेळाडू गातात, नाचतात. विकायची वस्तूच लपवल्यामुळे त्या भावनेला टेकायला ना इतिहास उरतो ना सल. ही जाहिरात कला म्हणून पोकळ आहे आणि सामना बघणाऱ्या शाळकरी मुलांपर्यंत सरळ पोहोचते. मराठीत नाटक-सिनेमांची परीक्षणे नेमाने येतात, जाहिरातींची क्वचितच. ती यायला हवीत. तोवर वाचकांना एवढीच विनंती आहे: पुढच्या सामन्यात अशी जाहिरात लागली की शेजारी बसलेल्या मुलाला ही कशाची जाहिरात आहे ते विचारा, आणि त्याने बिअर म्हटले तर मुंबईतल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार नोंदवा.