'गावगाडा' आणि वेशीबाहेरची माणसे

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाचा निर्देश मराठीत बहुधा ग्रामजीवनाचा कोश म्हणून केला जातो. कोश म्हटला की ग्रंथाला मान मिळतो, पण त्याचे वाचन थांबते. वस्तुतः हे एका निश्चित जागी उभे राहून घेतलेले समाजदर्शन आहे. ती जागा कोणती, हे पाहिल्यावाचून ग्रंथाचे थोरपण कळत नाही आणि त्याची मर्यादाही कळत नाही.

तो लिहिला गेला त्या काळी हिंदुस्थानातील जातिजमातींचे वर्णन हे सरकारी दप्तराचे काम होऊन बसले होते. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे लांबीशी असलेले प्रमाण मोजून त्यावरून जातींची उच्चनीचता उलगडू पाहिली. मुंबई इलाख्यापुरते जातिवर्णनाचे काम एंथोवेन यांच्या तीन खंडांत (१९२०–२२) सिद्धीस गेले. तेथे जाती इंग्रजी वर्णानुक्रमाने येतात. महार आणि मराठा एकाच अक्षराखाली सापडतात. गावात मात्र त्यांच्यामध्ये वेस उभी असते. ती वेस वर्णानुक्रमात दिसण्याचे कारणच नाही.

आत्रेही सरकारी नोकरच, महसूल खात्यातले. पण त्यांनी जाती मांडल्या त्या खळ्यावरच्या धान्याच्या हिशेबाने. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत पिकलेले पांढरीत कोणाकोणाच्या पदरात, कोणत्या हक्काने आणि कोणत्या कामाच्या मोबदल्यात पडते, हा त्यांचा मूळ प्रश्न. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग ही नावे येथे रक्ताची किंवा नाकाची लक्षणे म्हणून येत नाहीत. ती देण्याघेण्याच्या साखळीतील कड्या म्हणून येतात. जात म्हणजे एक चालू व्यवहार, ही दृष्टी त्या काळच्या मानववंशशास्त्राला फारशी साधलेली नव्हती. वतनाने कसबी माणूस निर्धास्त होतो आणि त्याचे कसब मंदावते, हे सांगतानाही आत्रे भीड बाळगत नाहीत. जुन्या गावाचे गुणगान करण्यासाठी ज्यांना हा ग्रंथ हवा असतो त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. शिवाय आत्र्यांची भाषा! खळ्यावरचे, चावडीवरचे, बाजारातले शब्द तेथे अवतरणचिन्हांत उभे नाहीत. ते वाक्याचे ओझे वाहतात. त्यांतील कितीतरी आज कोशाच्या आधारानेच लावावे लागतात.

परंतु ज्या हिशेबाने गाव इतके स्वच्छ दिसते, त्याच हिशेबाने गावाबाहेरचा माणूस अस्पष्ट होतो. फिरस्त्यांचे प्रकरण याची साक्ष आहे. वैदू, नंदीबैलवाले, कोल्हाटी अशा भटक्या जमातींच्या चालीरीती, सोंगे आणि मागण्याच्या तऱ्हा आत्रे बारकाईने टिपतात. निरीक्षणात कसूर नाही. मात्र प्रत्येक टिपण अखेर एकाच जागी येऊन थांबते: कुणब्याच्या धान्यातून एवढे गेले. आत्र्यांची करुणा खरी आहे, पण ती कुणब्यासाठी आहे. आणि कुणब्याच्या खळ्यावरून पाहिले की फिरस्ता हा खर्चाच्या बाजूला लिहावयाचा आकडा ठरतो. याच लेखकाने 'गावगाड्या'च्या आधी 'गुन्हेगार जाती' हे पुस्तक लिहिले होते, हे विसरता येत नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू होऊ शकेल असा विस्तारला. हजेरी, परवाना, वसाहत हे शब्द तेव्हा कारभाराच्या भाषेत रुळत होते, आणि आत्रे त्या कारभाराच्या बाहेरचे नव्हते.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आत्र्यांना उत्तर म्हणून लिहिलेले नाही. तरीही दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की जमाखर्चाची पाने उलटतात. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते ते फोकांच्या टोपल्या विणून विकण्यासाठी. गावाला टोपली लागते. विणणारा मात्र मुक्कामापुरता, आणि तोही वेशीबाहेर. जो व्यवहार 'गावगाड्या'त ओझे म्हणून नोंदला जातो, तोच येथे पुरता न चुकविलेल्या श्रमाचा हिशेब होतो. 'उपरा'चा खरा पराक्रम मात्र याहून अवघड जागी आहे. मुलाला शाळेत घातले म्हणून जातपंचायत बापाला जाब विचारते, आणि पुढे परजातीच्या मुलीशी केलेला विवाह दोन्हीकडच्यांना सोसत नाही. वेशीबाहेर टाकलेल्या जमातीने आपल्यापुरती आणखी एक वेस बांधलेली असते. इरावती कर्वे यांनी 'हिंदू सोसायटी' (१९६१) मध्ये जात म्हणजे विस्तारलेला आप्तसंबंध, असे प्रतिपादन केले होते. तो आप्तसंबंध आधार कसा देतो आणि गळा कसा आवळतो, हे त्या प्रबंधापेक्षा मान्यांच्या बापाच्या प्रसंगातून अधिक उमगते.

अशा आत्मकथनांना साहित्य न म्हणता केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणणारी एक टीका मराठीत होऊन गेली. तिचा पेच असा की तो निकष लावला तर 'गावगाडा'ही दस्तऐवजच ठरतो. पण त्याच्या शैलीचे कौतुक करताना कोणाला असा संकोच वाटला नाही. महसूल अधिकाऱ्याची भाषा शैली ठरली आणि कैकाड्याची पुरावा. 'उपरा'ची रचना सर्वत्र सारखी बांधीव नाही. शिक्षणानंतरच्या भागात वेग वाढतो आणि बारकावे विरळ होतात, हे मान्य करावे लागेल. परंतु हा दोष रचनेचा म्हणूनच तपासला पाहिजे.

तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सराईत गुन्हेगारांविषयीचे निरनिराळ्या राज्यांतले कायदे त्याच्या जागी आले, आणि संशय हजेरीच्या वहीतून निघून पोलिसांच्या सवयीत मुक्कामाला राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले तेव्हा जे नाव जमातीवर आरोप म्हणून चिकटविले गेले होते तेच त्यांनी मुखपृष्ठावर आपल्या नावाबरोबर छापविले: 'उचल्या'.