जुन्या फौजी गाडीचा खरा रंग

विषय वाचून काही जण हसलेत, ते मला इथून दिसलं. जुना फौजी ट्रक दुरुस्त करून उभा करायचा, त्याला रंग कोणता द्यायचा, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? हिरवा द्यायचा की! पण ‘हिरवा’ म्हणजे कोणता, तिथंच सगळी गोम आहे.

निमोण्याला हा विषय परका नाही. शिरूरवरून नगर रस्ता धरला की पुढे नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. चिलखती दळाचं प्रशिक्षण केंद्र तिथं आहे आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही तिथंच आहे. शिवाय लष्करानं लिलावात काढलेल्या जोंगा, शक्तिमान अशा गाड्या फिरत फिरत आपल्यासारख्या गावांतल्या शेडमध्ये येतात. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनलेला ट्रक. १९९६ला त्याचं उत्पादन थांबलं. आता जे उरलेत, तेवढेच.

अशी गाडी हौसेनं घेतली की माणूस पहिलं काय करतो? ती घासून पार पत्र्यापर्यंत नेतो. मग रंगाच्या दुकानात जाऊन सांगतो, ‘मेहंदी कलर द्या.’ थोडा जाणकार असला तर नंबर सांगतो. आपल्याकडे रंगांचं भारतीय मानक आहे, आय.एस. ५. त्यात २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन. हे नंबर उपयोगी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नंबर म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकेचं ५९५ नावाचं रंगमानक निघालं १९५६ साली. आता १९४४च्या जीपला त्यातला एखादा नंबर लावून कुणी म्हणालं, ‘हाच ओरिजिनल,’ तर नातवाच्या दाखल्यावरून आजोबांची जन्मतारीख लावल्यासारखं झालं.

मुळात ‘फौजी हिरवा’ असा एकच एक रंग कधी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना हिरव्यासाठी लागणारं क्रोमियम ऑक्साइड कमी पडायला लागलं, तेव्हा त्यांच्या गाड्या चक्क तपकिरी झाल्या. १९४४ला अमेरिकी गाड्यांशी जुळावा म्हणून पुन्हा ऑलिव्ह आला. आणि तो अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅब कसा व्हायचा? मुख्यतः पिवळ्या गेरूच्या जातीची माती आणि काळा रंग मिसळून. म्हणून तो सावलीत तपकिरी आणि उन्हात हिरवट दिसतो. आपण दुकानातून आणतो तो झगझगीत हिरवा त्याच्या नात्यातला पण नाही.

मग खरा रंग शोधायचा कुठं? माझं म्हणणं एवढंच आहे: तो डब्यात नाही, फोटोत नाही, गाडीतच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ला काम सुरू झालं आणि १९६६ला पुरं झालं. पोथ्या समोर ठेवायच्या, पाठ ताडून पाहायचे, मागाहून काय शिरलं ते बाजूला काढायचं. गाडीवरचे रंगाचे थर हे असेच पाठ आहेत. कारखान्यातला हात, वर्कशॉपमधला हात, मग लिलावानंतर मालकानं दिलेला हात. चिकित्सा न करता सगळंच खरवडलं, म्हणजे पोथीच जाळली.

करायचं काय ते सांगतो. जिथं ऊन आणि हात पोचले नाहीत तिथं बघा: डॅशबोर्डच्या मागं, माहितीच्या पट्टीखाली, स्टेपनीच्या ब्रॅकेटच्या आत. तिथं वॉटर पेपरनं, पाणी लावून, रुपयाएवढी जागा हळूहळू घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतील. मधोमध पत्रा, भोवती प्रायमर, मग एकेक थर. कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ छातीत जाते. तोंडाला मास्क हवाच. आणि रंग जुळवायचा तो दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. चमकही बघा. युद्धकाळातला रंग मुद्दाम मंद ठेवलेला असायचा, कारण चकाकणारी गाडी विमानातून दिसते. त्यावर चकचकीत इनॅमल मारलं, की छटा बरोबर असूनही गाडी खोटी दिसते.

आता टीकेचा खरा रोख. हौशी माणसाला बोलणं सोपं आहे, पण चौकाचौकांत, फाटकांपुढं उभे असलेले रणगाडे आणि तोफा बघा. पाहुणे यायचे झाले, की मार एक हात! गावच्या मारुतीवर शेंदूर चढतो तसे थर चढत जातात. नाक बुजतं, डोळे बुजतात. कधीतरी ते कवच गळतं आणि आतली मूळ मूर्ती दिसते, तेव्हा सगळा गाव बघायला लोटतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण कवचालाच देव समजतो. १९६५च्या लढाईत पकडलेला पॅटन आपण का ठेवतो? त्या दिवसाची साक्ष म्हणून. मग त्या दिवशी तो कसा दिसत होता, हे पुसून त्याला नवा कोरा करणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड बंद करणं. ‘खरा रंग’ म्हणताना आधी साल सांगावं लागतं. साल न सांगता लावलेला रंग ही फक्त सजावट.

यात एक गंमत आहे, आणि ती बोचणारी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१वा नियम सांगतो की संरक्षण खात्याची वाहनं सोडून कुणी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ नये. नियम बरोबरच आहे. फौजेची गाडी ओळखू आली पाहिजे. पण परिणाम असा, की ज्याला खऱ्या रंगाची कळकळ आहे त्याला तो लावून रस्त्यावर जाता येत नाही, आणि ज्यांना लावता येतो त्यांच्यापैकी बरेच जण शोधायच्या भानगडीत पडत नाहीत.

म्हणून हौशी मंडळींना सांगणं आहे. बाहेरून नियमात बसेल तो रंग द्या, त्यात कमीपणा नाही. पण पेंटरच्या ताब्यात गाडी देण्याआधी, आत कुठंतरी तळहाताएवढा तुकडा न घासता तसाच ठेवा. थरांचा क्रम, जागा, गाडीचं साल वहीत लिहा. पेंटर म्हणेल, ‘साहेब, एवढंच कशाला सोडता? फिनिशिंग बिघडेल.’ बिघडू द्या. उद्या एखाद्या संग्रहालयाला खरा रंग हवा झाला, तर तो तुमच्या त्या तळहाताएवढ्या तुकड्यातून मिळेल.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.