चातक, पावशा आणि टीपकार

प्राचीन मराठी काव्याच्या आवृत्त्यांना शब्दार्थांच्या टिपा जोडण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. व्युत्पत्ती, छंद, पाठभेद यांविषयी दक्ष असणारे टीपकार पक्ष्यांच्या नावांपाशी आले की मात्र निश्चिंत होतात. ‘एक पक्षी’ किंवा ‘पक्षिविशेष’ एवढ्यावर बहुधा काम भागते. आणि जेथे अधिक काही सांगितले जाते, तेथे ते न सांगितले असते तर बरे, असे पुष्कळदा वाटते. ‘चातक म्हणजे पावशा’ ही टीप या दुसऱ्या प्रकारातील होय. वरवर ती निरुपद्रवी दिसते; परंतु तिच्यामुळे काव्यार्थालाच बाध येतो.

दोन्ही पक्षी कोकिळकुळातले, दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालणारे, आणि दोघांचेही नाव पावसाशी निगडित. साम्य एवढेच. चातक वरून काळा, खालून पांढरा. डोक्यावर टोकदार तुरा, पंखावर पांढरा डाग, लांब शेपटीच्या पिसांची टोके पांढरी. पावशा वरून राखाडी, बिनतुऱ्याचा, शेपटीवर आडवे पट्टे असलेला. शिकऱ्याशी त्याचे साम्य इतके की लहान पाखरे त्याला पाहून भेदरतात. चातक महाराष्ट्रात पाहुणा म्हणून येतो. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे येथे पोहोचतो व पावसाळा सरल्यावर परततो. पावशा येथलाच, हिवाळ्यात तो मुका असतो म्हणून नाहीसा झाल्यासारखा वाटतो, इतकेच. उन्हाळा तापू लागला की त्याची हाक पायरीपायरीने चढत जाते, एकाएकी तुटते आणि पुन्हा प्रारंभापासून सुरू होते.

परंतु रूपभेदापेक्षा महत्त्वाचा आहे तो भावभेद. चातक मेघातून पडणाऱ्या थेंबावाचून दुसरे पाणी पीत नाही, हा संस्कृत कविसंकेत. ‘मेघदूता’त तो मेघाच्या डावीकडे मधुर कूजन करतो, तेही शुभशकुन म्हणून. भक्तिकाव्याने त्याला अनन्यनिष्ठेचे प्रतीक केले. त्याचा सारा भाव याचनेचा आहे. पावशा कोणत्याही काव्यशास्त्राने दिलेला नाही. तो शेतकऱ्याने कानांनी मिळविला. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ हे शब्द आज्ञार्थी आहेत. हा पक्षी मेघाकडे काही मागत नाही, तो माणसाला कामाला लावतो. हिंदी काव्यात चातक आणि पपीहा ही नावे बहुधा एकमेकांच्या जागी येतात, आणि ते तेथे शोभतेही. कारण याच पाखराच्या हाकेत तिकडच्या माणसाला ‘पी कहाँ’ असा विरहिणीचा प्रश्न ऐकू आला. विरह आणि तृष्णा यांचे गोत्र एकच. मराठी कानाने मात्र त्याच तीन सुरांत पेरणीची वर्दी ऐकली. हिंदीतील हे ऐक्य मराठी टिपेत उचलून आणणे म्हणजे आपल्या भाषेने केलेला स्वतंत्र विचार पुसून टाकणे होय.

भारद्वाजाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे नाव एक आणि पक्षी दोन आहेत. अमरकोशात भरद्वाजाला व्याघ्राट हा पर्याय दिला आहे. मोनिअर विल्यम्सच्या कोशात त्याचा अर्थ चंडोल असा आहे. मराठी माणूस भारद्वाज म्हणतो तो कावळ्याएवढा, काळ्या अंगाचा, तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, झुडपांतून चालत जाणारा कुकुडकोंबा. कोकिळकुळातला असूनही स्वतःचे घरटे बांधणारा. गात गात आकाशात चढणारा चंडोल आणि हा जमिनीलगतचा पक्षी यांची गल्लत संस्कृत ग्रंथाच्या मराठी भाषांतरात सहज होते, आणि छापील शब्द तोच असल्यामुळे मुद्रितशोधकालाही ती दिसत नाही.

चकोराच्या बाबतीत मात्र टीपकाराने पक्षिशास्त्र बेतानेच वापरावे. हिमालयाच्या खडकाळ उतारांवरचा हा तित्तिरकुळातील पक्षी महाराष्ट्रात आढळत नाही. मराठी कवितेत तो केवळ कविसंकेतातून आला. तरी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात चकोराची पिले शरदाच्या चांदण्यातील अमृतकण टिपतात, तेथे ज्ञानदेवांनी योजलेले क्रियापद वेचण्याचे आहे, पिण्याचे नव्हे. आणि चकोर खरोखरीच जमिनीवरचे दाणे वेचून खाणारा पक्षी आहे.