काउफमान यांची पाच ओळींची पट्टी : गोंड गाण्यापासून तिबेटी पोथीपर्यंत

वॉल्टर काउफमान यांचे नाव आपल्याकडे निघते ते आकाशवाणीच्या संकेतधुनीपुरते. पहाटे रेडिओ लावल्यावर कानी पडणारी ती धून यांनी बांधली, एवढे सांगून विषय संपतो. याच माणसाने १९४१ साली गोंड आणि बैगांच्या गाण्यांवर लेख लिहिला, १९६० साली बस्तरच्या माडिया-मुरियांच्या गीतांवर, १९६२ साली नेपाळच्या लोकगीतांवर, आणि १९७५ मध्ये तिबेटी बौद्ध पठणावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, हे सहसा कोणी सांगत नाही. गोंदिया जिल्ह्यात बसून ही यादी वाचणाऱ्याला मात्र तिची दोन्ही टोके आपल्या दारात दिसतात. गोंड इथले मूळचेच. आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता.

काउफमानही निर्वासितच. जन्म १९०७ चा, बोहेमियातल्या कार्ल्सबादचा. शिक्षण बर्लिन आणि प्राग इथे. वाद्यांचा थोर अभ्यासक कुर्ट झाक्स हा त्यांच्या गुरूंपैकी. प्रागला प्रबंध तयार होता, पण तिथला प्राध्यापक नाझींचा असल्याचे कळल्यावर त्यांनी ती पदवी घेतलीच नाही. (विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट जरा जास्तच आवडते.) १९३४ मध्ये ते मुंबईला आले, पुढे १९४६ पर्यंत मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला, आणि इंग्लंड-कॅनडा करत १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात स्थिरावले. तिथेच १९८४ मध्ये त्यांची अखेर झाली. प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव झाले ते अमेरिकेत. कान तयार झाला तो इथे.

१९४१ चा लेख जेमतेम नऊ-दहा पानांचा. त्या काळात व्हेरियर एल्विन आणि आपले शामराव हिवाळे मैकल डोंगरातली गाणी जमवत होते. पण त्यांचा भर शब्दांवर, इंग्रजी भाषांतरावर. काउफमान यांनी सूर टिपले, हे त्यांचे मोठे काम. टिपले मात्र पाश्चात्यांच्या पाच ओळींच्या पट्टीवर. ही पट्टी सूर कुठे उभा आहे ते चोख सांगते. तो एका ठिकाणाहून दुसरीकडे कसा गेला, घसरला की चढला, आवाज फुगला की दबला, याला तिच्यात फारशी जागा नाही. रेला गाताना बायांचा एक गट ओळ टाकतो, दुसरा ती उचलतो, आणि उचलताना आधीच्या ओळीच्या शेपटीवर पाय देतो. हे कागदावर उतरवायचे कसे? शिवाय गाणे कोण कोणासाठी म्हणतो हा प्रश्न उरतोच. परधान किंगरी घेऊन गोंड यजमानाच्या दारी कुळाची कथा गातो, तेव्हा त्या गाण्यात सुरांइतकेच नातेही असते. हे नाते समजून घ्यायला हिवाळे यांचे परधानांवरचे १९४६ चे पुस्तक लागते. काउफमान आणि हिवाळे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. एकट्याने दोघेही अपुरे.

आता १९७५ चा ग्रंथ. कर्ग्यू आणि साक्य या दोन पंथांच्या एका गीतपोथीचा हा अभ्यास. तिबेटी मठांत गंभीर, संथ पठणासाठी ‘यांग-यिग’ नावाचे लेखन वापरतात. त्यात भातखंडे पद्धतीसारखे सा-रे-ग नाही. अक्षरांलगत वळणावळणाची रेषा जाते: इथे आवाज वर न्या, इथे फुगवा, इथे खाली सोडा. मूळ शब्दांच्या मध्ये अर्थ नसलेली अक्षरेही पेरलेली असतात. पोथी वाचून कोणी हे गाऊ शकत नाही. ते उमझेकडून, म्हणजे पठणप्रमुखाकडून, ऐकूनच शिकायचे. रेषा केवळ आठवण करून देते.

माझ्या मते काउफमान यांच्या साऱ्या कारकिर्दीचा कस इथे लागतो. गोंड गाण्यात पाच ओळींच्या पट्टीतून जे निसटले, नेमके तेच टिपणारे लेखन त्यांना तिबेटी पोथीत सापडले. पण त्यांनी ती रेषासुद्धा पुन्हा पाच ओळींवर बसवली. त्यामुळे पाश्चात्य वाचकाची सोय झाली आणि मठाबाहेर कोणाला न दिसणारी पाने छापून समोर आली, हे ऋण मानायलाच हवे. तरीही छापील सुरांना जी निश्चिती येते ती मूळ पठणात नाही. दुसऱ्या मठात, दुसऱ्या गुरूच्या गळ्यात तीच रेषा वेगळी वाजते. हा ग्रंथ काखेत मारून नॉर्ग्येलिंगच्या गोम्पात गेलात आणि ताळा जुळेल असे धरून बसलात, तर पदरी निराशा येईल. शिवाय लोसारला ड्रान्येनच्या साथीने फेर धरून नाचणाऱ्यांचे गाणे या पोथीच्या कक्षेतच येत नाही.

हे काम आता लांबवण्यासारखे नाही. तिबेटी वसाहतींतली पोरे शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडत आहेत. माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेतही जुनी गाणी येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शेजारी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या असतात. नोंद करायची तर आवाजाचीच करावी, गाणाऱ्याचे नाव, गाव आणि प्रसंग यांसह, त्याची परवानगी घेऊन. यंत्रे आता स्वस्त आहेत. गायलेल्या ओळीचा आलेख संगणकावर काढता येतो. रेल्याची एखादी ओळ तशी काढली तर पडद्यावर जी वळणे घेत जाणारी रेघ उमटते, ती काउफमान यांच्या पट्टीपेक्षा तिबेटी पोथीतल्या रेषेच्या अधिक जवळची असते.